चावी खिशात, आपण बाहेर

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या धरमपेठेत कामासाठी थांबलो होतो, परत आलो तर गाडी उघडेना. चावी खिशात होती. दाराच्या मुठीवरचं ते छोटं काळं बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग अंगठा भाजेपर्यंत दाबत राहिलो. चावी काढून तिच्यावरचं उघडायचं बटण दाबलं तरी गाडी मुकीच. बाजूच्या रसवंतीवाल्याने चरकातून ऊस काढता काढता विचारलं, "काहून भाऊ, उघडून नाही राह्यली का?"

"नाही ना!"

"सेल गेला असन."

"मागच्याच महिन्यात नवा टाकला," मी म्हणालो. सेलचा विषय मी तिथेच संपवला आणि ही माझी पहिली चूक. पुढे काय झालं ते ओघात येईलच. आधी मात्र तोच प्रश्न घेऊ, जो त्या दुपारी मला पडला आणि गाडीवाल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो: चावी जवळ असूनही गाडी आपल्याला ओळखत का नाही?

१. आजी हळू विचारते, नातू ओरडून सांगतो

जुन्या चावीचं सोपं होतं. पितळेचा दातेरी तुकडा कुलपात गेला, आतल्या खुंट्या बरोबर उंचीवर आल्या की कुलूप फिरायचं. नंतर रिमोट आला. १९८२ सालच्या रेनो फ्युगो या फ्रेंच गाडीत तो पहिल्यांदा गाजला, आणि पॉल लिपशुत्झ या संशोधकाच्या नावावरून फ्रान्समध्ये अशा रिमोटला आजही ‘प्लिप’ म्हणतात. त्या रिमोटमधून टीव्हीच्या रिमोटसारखे अवरक्त किरण निघायचे, त्यामुळे नेम धरून दाबावा लागे. आजची चावी रेडिओलहरींवर बोलते आणि नेमाची भानगड उरलेली नाही. म्हणूनच मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चावी धरून ‘लाइट दिसतो का’ हे बघण्यात अर्थ नाही. ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची. गाडीच्या चावीतून निघणाऱ्या रेडिओलहरी कॅमेऱ्याला दिसतच नाहीत.

खिशातून न काढता चालणारी चावी त्यापुढची. मर्सिडीझने १९९८ मध्ये आपल्या एस-क्लासमध्ये ‘कीलेस-गो’ नावाने ही सोय दिली आणि आता ती आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही आली आहे. हिच्यात गाडी आणि चावी यांच्यात दुतर्फा बोलणं होतं, आणि दोघांचे आवाज सारखे नसतात.

आपण मुठीवरचं बटण दाबलं की गाडी आधी विचारते, "कोण आहे?" हे विचारणं फार हळू असतं. बहुतेक गाड्यांत ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर होतं. या लहरी दारात आणि गाडीच्या आत बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यांतून निघतात आणि हातभर, फार तर दीड मीटरभर अंतरात विरून जातात. चावी तेवढ्या अंतरात असेल तर तिला ऐकू येतं, ती जागी होते आणि उत्तर देते. उत्तराचा आवाज मात्र मोठा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असतो आणि पंचवीस-तीस मीटरवरही पोचू शकतो. आजीने कानाशी येऊन हळूच विचारावं आणि नातवाने गल्लीभर ऐकू जाईल असं उत्तर द्यावं, तसं हे.

विचारणारा आवाज मुद्दामच हळू ठेवलाय. गाडीने मोठ्याने विचारलं असतं, तर मालक तिसऱ्या मजल्यावर जेवत बसलेला असताना खाली कुणीही मूठ ओढून दार उघडलं असतं.

चावीवरचं बटण दाबतो तेव्हा आजीने विचारण्याची वाट नसते, नातू थेट ओरडतो. म्हणजे दार उघडायच्या दोन वाटा झाल्या. एक मुठीची, तिच्यात विचारणं आणि उत्तर दोन्ही लागतात. दुसरी बटणाची, तिच्यात फक्त उत्तर लागतं. हा फरक लक्षात ठेवा. बिघाड शोधायची अर्धी विद्या यातच आहे.

२. कूपनांची वही

उत्तर कोणीही ऐकू शकतो. मग चोराने ते एकदा टिपून उद्या तसंच्या तसं वाजवलं तर?

पूर्वी दुधाची कूपनं मिळायची, आठवतं? क्रमांक घातलेली वही, रोज एक फाडायचं. समजा तशाच दोन वह्या छापल्या, एक चावीपाशी आणि एक गाडीपाशी. आज ४१२ नंबरचं कूपन वापरलं की ते बाद, उद्या ४१३ लागेल. चोराने ४१२ टिपून ठेवलं तरी गाडी म्हणणार, हे कालचं. याला बदलता संकेत म्हणतात. कूपनावरचा नंबर साधा लिहिलेला नसतो, गुप्त किल्लीने घोळवून लिहिलेला असतो, त्यामुळे ४१२ पाहून ४१३ कसं दिसेल हे बाहेरच्याला सांगता येत नाही. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली ‘कीलॉक’ ही यातली गाजलेली पद्धत. पुढे संशोधकांनी ती फोडली, तो वेगळा किस्सा.

आता घरात लहान मूल असेल तर काय होतं पाहा. चावी खेळायला मिळाली, बटणं पन्नास वेळा दाबली गेली. गाडी तर दूर आहे. चावीने ४१३ पासून ४६२ पर्यंत कूपनं फाडली आणि गाडी मात्र ४१३ च्या प्रतीक्षेत. म्हणून गाडी थोडी सूट ठेवते. काही पद्धतींत पुढची सोळा कूपनं चालतात, काहींत बरीच जास्त. त्याही पलीकडे चावी गेली असेल तर गाडी पहिल्या हाकेला दाद देत नाही, पण लागोपाठची दोन कूपनं, समजा ४६३ आणि ४६४, ओळीने आली की ती मानते, वही आपलीच आहे, पानं पुढे गेलीत एवढंच. म्हणून अशा वेळी गाडीजवळ उभं राहून बटण शांतपणे दोन-तीनदा दाबून पाहावं. काही गाड्यांत एकदा इंजिन सुरू केलं की मेळ परत बसतो. चावी ‘बिघडली’ म्हणून दुकानात नेण्याआधी घरातल्या नातवंडांची चौकशी करावी.

३. आधी आत तर बसू

उन्हात उभ्या माणसाला सिद्धांत नको असतो, आत बसायला हवं असतं. म्हणून तपासाआधी सुटका सांगतो.

खिशातल्या चावीच्या पोटात एक खरी, धातूची चावी लपलेली असते. बाजूला छोटी खिट्टी असते, ती सरकवली की ती बाहेर येते. ही गोष्ट माहीत नसलेले, तीन-चार वर्षं गाडी चालवणारे लोक मी पाहिले आहेत. चालकाच्या दाराला तिच्यासाठी भोकही असतं. काही गाड्यांत ते मुठीच्या टोकाशी प्लॅस्टिकच्या टोपणाखाली झाकलेलं असतं. या चावीने दार उघडल्यावर भोंगा वाजू शकतो. घाबरायचं कारण नाही, गाडी आपलं काम करते आहे.

आत बसलात, पण स्टार्टचं बटण दाबल्यावर गाडी म्हणते चावी सापडत नाही. मग चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवा. काही गाड्यांत चावीची कडा टेकवायची असते, काहींत चावीनेच बटण दाबायचं असतं, काहींत कप ठेवायच्या जागेपाशी तिच्यासाठी खाच असते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत आहे, आजच वाचून ठेवा. ब्रेकवर पाय असू द्या, आणि गाडी चालू होते.

सेल पार मेलेला असला तरी हे कसं जमतं? चावीत एक छोटी चिप असते, तिला स्वतःचा सेल लागतच नाही. स्टार्टच्या बटणाभोवतीचं वेटोळं काही सेंटिमीटरवरून तिला वीज पुरवतं, तेवढ्यावर ती जागी होऊन आपली ओळख सांगते. मेट्रोच्या कार्डाला सेल नसतो, तरी ते फाटकावर टेकवलं की चालतं ना? तीच जात.

त्या दुपारी मी असाच घरी आलो. गाडी सुरू झाली, म्हणजे चिप ठीक, इंजिन अडवणारी यंत्रणा ठीक. एका टेकवण्यात अर्धा तपास झाला होता, पण हे मला नंतर सुचलं.

४. दोष कुणाचा: चावीचा की गाडीचा?

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या तरुणाने संगणक जोडला, दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, मॉड्यूल बदलावं लागेल." आकडा पाच अंकी होता. मी विचारलं, "घरी दुसरी चावी आहे, ती लावून पाहायची का?" तो म्हणाला, "त्याने काय होणार?"

सगळं त्यानेच होणार होतं.

एकाच यंत्रावर विसंबलं की कसं फसायला होतं, याचं उदाहरण नागपूरकरांना घरचंच आहे. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. आपल्या शहराचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा, म्हणजे हा आकडा त्याच्या आठ अंश वर. हवामान खात्याने काय पाहिलं? इतर केंद्रांवर त्याच दिवशी पारा ४४ च्या आसपास होता. म्हणजे हवा वेडी झाली नव्हती, त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. एका तापमापकावरून दोष हवेचा की तापमापकाचा हे कळत नाही. दुसरा शेजारी लावला की कळतं.

दुसरी चावी म्हणजे दुसरा तापमापक. कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या अल्बमखाली ठेवलेली ती चावी आणा. तिने मूठ चालली, बटण चाललं, तर गाडी निर्दोष आणि खोट पहिल्या चावीत. दोन्ही चाव्यांनी तेच रडगाणं असेल तर खोट बहुधा गाडीत, किंवा आसपासच्या लहरींच्या गोंगाटात. बहुधा म्हणतो, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या दुसऱ्या चावीचा सेलही मेलेला असू शकतो. तिच्यावरचा लहान दिवा बटण दाबल्यावर लुकलुकतो का ते आधी बघा.

गोंगाटाचं एक सोपं लक्षण आहे. एका जागी बंद, दुसऱ्या जागी चालू. मॉलच्या तळघरात उघडत नाही आणि घरी उघडते, अशा वेळी गाडी थोडी हलवून पाहा. आणि आधी स्वतःची गाडी तपासा. लाइटरच्या खाचेतला स्वस्तातला चार्जर, काचेवर डकवलेला डॅशकॅम, कुठूनतरी आणलेली रंगीत एलईडी पट्टी, हे सगळं काढून बघा. अशा स्वस्त वस्तूंतून निघणारा विजेचा खरखराट चावीच्या आवाजावर चढतो. चावी आणि मोबाइल एकाच खिशात चिकटून असतील तर तेही वेगळे करा.

माझी दुसरी चावी पहिल्या झटक्यात चालली. मॉड्यूल ठणठणीत होतं.

५. सात दशांश मिलिमीटर

मग पहिली चावी उघडली. फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालायचा तर टोकाला कापड गुंडाळावं, नाहीतर प्लॅस्टिकवर कायमचा व्रण राहतो. आत तो चकचकीत गोल सेल. चष्मा लावून त्याच्यावरची कोरीव अक्षरं वाचली: सीआर २०२५. चावीच्या झाकणाच्या आत मात्र सीआर २०३२ असं छापलेलं होतं.

हे आकडे म्हणजे मापं आहेत. पहिले दोन अंक व्यास, २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात: ३२ म्हणजे ३.२, २५ म्हणजे २.५. दोन्ही सेल ३ व्होल्टचे, दोन्ही एकाच व्यासाचे, त्यामुळे पातळ सेल जाड सेलच्या खोबणीत आरामात बसतो. फरक ०.७ मिलिमीटरचा. तेवढ्या फटीने वरची स्प्रिंगची पट्टी कधी टेकते, कधी टेकत नाही. सकाळी चावी चालायची, दुपारी नाही. टेबलावर आपटली की परत चालायची. बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत गर्दीत उभं राहून मी सेल बसवून घेतला होता आणि बसवणाऱ्याच्या हातातल्या पाकिटावर काय लिहिलंय हे पाहिलं नव्हतं. ‘नवा’ या शब्दावर मी विसंबलो. रसवंतीवाला माझ्यापेक्षा जवळ होता.

योग्य सेल घातला, प्रश्न मिटला. खर्च दोन कप चहाच्या आसपास.

पण सेल बरोबर मापाचा असूनही दगा देतो, आणि तोही मीटरवर चांगला दिसून. मल्टिमीटर लावला तर नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. थकलेलाही २.९ दाखवू शकतो, कारण मीटर त्याच्याकडून जवळजवळ काही काम घेत नाही. आरामखुर्चीत बसलेले आजोबा खणखणीत बोलतात, त्यांना रामटेकच्या पायऱ्या चढायला लावा मग कळतं. चावी बटण दाबताक्षणी सेलकडून एकदम जास्त प्रवाह मागते आणि तिथे त्याला धाप लागते. गाडीपासूनचं अंतर हीच खरी चाचणी. पूर्वी गाडी पंधरा पावलांवरून उघडायची आणि आता चार पावलांवर यावं लागतंय, तर सेल बदला, मीटर काहीही म्हणो. या अवस्थेत एक गमतीची युक्ती उपयोगी पडते. चावी हनुवटीखाली टेकवून बटण दाबा. डोक्यात भरपूर पाणी असल्यामुळे ते लहरी फेकायला हातभार लावतं आणि पल्ला थोडा वाढतो. लोक हसतील, गाडी उघडेल.

सेल किती टिकावा? थोडं गणित करू. सीआर २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो. आजीची हाक ऐकण्यासाठी चावी सतत कान टवकारून असते. त्यासाठी समजा ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे ०.००५ मिलिअँपिअर लागतात. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार केला तर वर्षाला सुमारे ४४ खर्च, म्हणजे साठा पाच वर्षांचा. बटणं दाबणं, सेलची आपली झीज आणि आपला उन्हाळा धरला तर प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं.

पण माझ्या शेजारच्या एका काकांचा सेल दर पाच-सहा महिन्यांनी संपायचा. काकांनी तीन दुकानं बदलली. त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाहिलं, चावीची खुंटी पोर्चच्या भिंतीवर, आणि भिंतीपलीकडे एका हातावर गाडीचं दार. काही गाड्या मालक जवळ आला का हे अधूनमधून आपणहून विचारत राहतात. ती चावी रात्रभर झोपूच शकत नव्हती. सरासरी खर्च ५ ऐवजी ५० मायक्रोअँपिअर धरा: २२० भागिले ०.०५ म्हणजे ४,४०० तास, सुमारे सहा महिने. खुंटी आतल्या खोलीत गेली. टीव्ही किंवा संगणकाला चिकटून चावी ठेवल्यानेही असंच होऊ शकतं.

आणि एक गंभीर गोष्ट. काढलेला सेल टेबलावर टाकून उठू नका. हा गोल सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते, सेल ‘संपलेला’ असला तरी. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना.

६. कोणती वाट बंद आहे?

आता पहिल्या भागातल्या दोन वाटा आठवा.

बटणाने उघडते, पण मुठीने नाही. म्हणजे नातवाचा आवाज ठीक आहे, अडचण विचारण्यात आहे. एकाच दाराची मूठ चालत नसेल तर त्या मुठीचं बटण किंवा तिथलं वेटोळं. धूळ आणि पावसाचं पाणी जाऊन हे बटण आतून गंजतं, त्याचा ‘टिक’ असा आवाज बदलतो. कोणतीच मूठ चालत नसेल तर आधी गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय चुकून बंद झाली आहे का ते बघा. तसं नसेल आणि दुसऱ्या चावीने मूठ चालत असेल, तर पहिल्या चावीतलं ऐकण्याचं वेटोळं दुखावलेलं असेल. चावी फरशीवर पडली होती का हे आठवा. ‘नाही’ असं सगळेच म्हणतात.

उलट, मुठीने उघडते पण चावीच्या बटणाने नाही. हे तर अगदी सोपं. मुठीच्या वाटेतही उत्तर चावीच देते, म्हणजे सेल ठीक, आवाज ठीक. राहिलं काय? रबराखालचं एवढंसं बटण, रोजच्या दाबण्याने झिजलेलं. ते हातगुण असलेला माणूस थोडक्यात बदलून देतो. अख्खी नवी चावी घ्यायची गरज नसते.

दोन्ही वाटांनी ‘टक्’ आवाज येतो, तीन दारं उघडतात आणि चौथं नाही. चावीला हात लावू नका. त्या दारातली कुलूप हलवणारी मोटर गेली असेल, किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीतली तार तुटली असेल. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, तार तिथे रोज वाकते. दार हळूहळू उघडत असताना लॉकचं बटण दाबत राहिलं आणि एखाद्या कोनात ते कुलूप जागं झालं, तर तार नक्की. हा तपास वायरमनला सांगा, त्याचा अर्धा तास वाचेल.

आणि आतल्या, चालकाच्या दारावरच्या बटणानेही सेंट्रल लॉक हलत नसेल तर फ्यूज पाहा.

एक तक्रार मात्र बिघाड नसतेच: "गाडी लॉक होत नाही, नुसती पीं-पीं करते." बऱ्याच वेळा दुसरी चावी आत असते, बायकोच्या पर्समध्ये, मागच्या सीटवर. गाडी चावी आत कोंडू देत नाही, एवढंच ती सांगत असते. नाहीतर डिकी नीट लागलेली नसते, किंवा गाडी बंद करताना बटण एकदा कमी दाबल्यामुळे ती अर्धवट चालू राहिलेली असते.

७. मुक्या गाडीची उपाशी बॅटरी

दोन्ही चाव्यांवर गाडी मुकी असेल तर आतल्या दिव्याकडे बघा. मिणमिणता असेल किंवा लागतच नसेल, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. चावी कितीही ओरडली तरी ऐकणाराच बेशुद्ध.

उभी गाडीही थोडी वीज खातेच. समजा ३० मिलिअँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ३५,००० भागिले ३० म्हणजे सुमारे ११६७ तास, ४८ दिवस. पण निम्मी उतरली की इंजिन फिरवायला ती कुरकुरते, म्हणजे २४ दिवस. बॅटरी तीन वर्षांची जुनी असेल तर त्याहून कमी. मे महिन्यात मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आलेल्यांच्या गाड्या म्हणूनच परतल्यावर उघडत नाहीत. थंडी बॅटरीला मारते असं परदेशी पुस्तकांत वाचायला मिळतं. आपल्याकडे तिचा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. जानेवारीत गाडी सुरू झाली नाही, तरी घाव मे महिन्यातला असतो.

चावीही बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नये. तिच्या सेलची मर्यादा साधारण ६० अंशांची, आणि उन्हातली बंद गाडी ती सहज ओलांडते.

८. पाणी शिरलं तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तळमजल्यावरच्या गाड्या खिडकीपर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून चालू झाल्या, आणि काहींची दारं दिवाळीच्या सुमारास रात्री आपोआप उघडू-मिटू लागली. भुताटकी नव्हती. दारं, दिवे, काचा सांभाळणारा छोटा संगणक बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली गुडघ्याच्या उंचीवर असतो. गढूळ पाणी आणि बॅटरीची वीज एकत्र आली की तांबं झिजायला लागतं, पिनांवर हिरवी पूड धरते, आणि ती पूड हळूहळू एका पिनेवरून शेजारच्या पिनेवर पूल बांधते. म्हणून दोष आठवड्यांनी दिसतो. पाण्यात बसलेल्या गाडीचं स्टार्टचं बटण दाबायचं नाही, आधी बॅटरीची तार काढायची, आणि मेकॅनिकला ते कनेक्टर उघडून दाखवायला सांगायचं. हिरवं दिसलं की कळतंच.

चावी पाण्यात किंवा वॉशिंग मशिनमध्ये गेली तर नियम तोच: आधी सेल बाहेर. मग आतली सर्किटची पाटी डिस्टिल्ड वॉटरने हलक्या हाताने धुऊन पंख्याखाली दोन दिवस. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने फारसं काही वाळत नाही, पण तांदळाचा भुगा मात्र बटणाखाली जातो.

९. स्टीलचा डबा

गाडी न उघडणं ही एक अडचण, दुसऱ्यासाठी उघडणं ही मोठी. २०११ मध्ये झुरिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेल तपासली आणि दहाही उघडून दाखवली. त्यांनी संकेत फोडला नाही. आजीची हळू हाक एका यंत्राने पकडली, घरातल्या चावीपर्यंत पोचवली, आणि नातवाने इमानेइतबारे उत्तर दिलं. कूपनं खरी, वही खरी, फक्त मधलं अंतर खोटं.

यावर घरगुती इलाज म्हणजे धातूची बंद पेटी. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलं होतं की धातूच्या पिंजऱ्यात बाहेरची वीज शिरत नाही, लहरींनाही तेच लागू होतं. आपला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बहुतेक वेळा पुरतो. पारख सोपी आहे: चावी डब्यात, डबा हातात, गाडीशेजारी उभं राहून मुठीचं बटण दाबा. उघडली तर झाकण सैल आहे, दुसरा डबा घ्या.

हे मी त्या पोर्चवाल्या काकांना सांगितलं आणि त्यांना फार पटलं. दोनच दिवसांनी सकाळी सातला त्यांचा फोन. आवाज चिडलेला. "अरे, परत उघडत नाही. सेल नवा आहे. बत्तीस नंबरचाच आहे, मी स्वतः वाचून घेतला."

"काका, चावी कुठे आहे?"

"पिशवीतच आहे की."

"पिशवीत कशात?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग दाराचं ‘टक्’.